हरकतीची मुदत एकवीस दिवस

फिजिओ : काकू, हे हेल्मेट खरंच घालायचं?

बायको : घाला हो, त्याशिवाय ते तोंड उघडायचे नाहीत. मीसुद्धा आंघोळीपुरतंच काढते. आणि ती लाल-पांढरी फीत ओलांडू नका, वाकून खालून या.

फिजिओ : फोनवर तुम्ही म्हणालात, ह्यांची कंबर धरली आहे, खुर्चीतून उठत नाहीत, व्यायाम शिकवायला या. घरात बांधकाम चालू आहे हे नाही सांगितलंत.

बायको : बांधकाम कुठलं? पडझड आहे.

तपासनीस : पडझड अजून झालेली नाही. संभाव्य आहे. शब्द जपून वापर. कोण आलंय?

फिजिओ : नमस्कार काका. मी फिजिओ. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनी पाठवलंय. हे दोन लोखंडी टेकू कशाला लावलेत? छत खचलंय का?

तपासनीस : छत उत्तम आहे. टेकू मला आहेत.

फिजिओ : तुम्हाला?

तपासनीस : दोन्ही बगलांखालून फळी गेली आहे, दिसते ना? वरचा भार फळीवर, फळीचा टेकूंवर, टेकूंचा जमिनीवर. कण्यावर काही येत नाही. दारावरची नोटीस वाचली नाहीत?

फिजिओ : वाचली. 'सदर इसम धोकादायक असून त्याच्या आजूबाजूस थांबू नये. पडझड झाल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही.' मला वाटलं, घरात कुत्रं आहे.

बायको : बत्तीस वर्षं जुन्या इमारती तपासल्या ह्यांनी. भिंतीवर टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि नोटीस चिकटवायची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण नोटिशीचे कोरे कागद काही परत केले नाहीत.

तपासनीस : शिल्लक होते.

फिजिओ : मग ही नोटीस दिली कोणी?

तपासनीस : मी.

फिजिओ : कोणाला?

तपासनीस : मला. पोच घेतली आहे, खाली सही बघा. एकवीस दिवसांची मुदत आहे, आज एकोणिसावा.

फिजिओ : आणि बाविसाव्या दिवशी?

तपासनीस : तो निर्णय वरच्या पातळीवर होतो.

बायको : ऐकलंत? मी डोकं आपटायला भिंत शोधते, तर त्या भिंतीपाशीही ह्यांनी फीत बांधून ठेवली आहे.

फिजिओ : टेकू आणले कोणी?

बायको : ह्यांच्या जुन्या मुकादमाने. तो आला, माप घेतलं, टेकू घट्ट बसवले, चहा प्यायला आणि गेला. कशासाठी म्हणून विचारलं नाही की काही नाही. जाताना मला म्हणतो, साहेबांनी सांगितलंय म्हणजे काहीतरी बघूनच सांगितलं असणार.

फिजिओ : काका, मला पाठ बघू द्या. जरा पुढे व्हा... हे काय आहे? काकू, ह्यांच्या कंबरेवर काच चिकटवलेली आहे!

तपासनीस : हात लावू नका! ती साक्षपट्टी आहे. भेग दिसली की तिच्यावर काचेची पट्टी आडवी बसवायची आणि तारीख टाकायची. पट्टी तडकली तर समजायचं, भेग वाढते आहे.

फिजिओ : पण ही तर शाळेच्या प्रयोगशाळेतली काच दिसतेय.

बायको : मी शाळेत विज्ञान शिकवायचे ना, घरात एक डबी पडली होती. हे म्हणाले, दोन्ही टोकं प्लॅस्टरमध्ये बसव. प्लॅस्टर आणायला कोण जातंय! मी पीठ भिजवून थापलं. वाळून दगड झालंय बघा. वरून चिकटपट्टी आडवी-उभी मारली आहे, फुटलीच तर निदान टोचायला नको.

तपासनीस : एकोणीस दिवसांत तडा नाही. भेग स्थिर आहे. माझी उपाययोजना बरोबर आहे हे त्यावरून सिद्ध होतं.

फिजिओ : एकोणीस दिवस हललाच नाहीत, तर तडा जाणार कसा? झोपता कुठे?

तपासनीस : इथेच.

फिजिओ : बसल्या बसल्या? आणि बाथरूमला?

बायको : तेव्हा फळी निघते. मी पुढे चालून वाट मोकळी करते. तोंडाने शिट्टी वाजवावी लागते, इमारत पाडताना वाजवतात तशी.

फिजिओ : बरं. काका, मी विचारते त्याची सरळ उत्तरं द्या, चेष्टा नाही. लघवी-संडासवर ताबा आहे ना?

तपासनीस : गळती नाही.

फिजिओ : मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं? पायाला मुंग्या येतात? पाऊल उचलताना लुळं पडतं?

तपासनीस : नाही. पाया शाबूत आहे.

फिजिओ : ताप, वजन एकदम उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ? कुठे पडला-बिडला होतात?

बायको : वजन वाढलंय. आणि झोपेचं म्हणाल तर घोरण्याने टेकू थरथरतात.

फिजिओ : पायाचा अंगठा वर करा. दाबते, दाब सोडू नका. आता दुसरा. छान, ताकद आहे. ह्यातलं एक जरी 'हो' असतं ना, तर मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन गेले असते. तसं काही नाही. आता सांगा, डॉक्टर काय म्हणाले?

बायको : म्हणाले, चाला-फिरा, शेक घ्या, ह्या गोळ्या आठवडाभर घ्या. गोळ्या घेतल्या. त्यांची आवक-जावक वहीत नोंद आहे.

तपासनीस : डॉक्टरांनी जागेची पाहणी केली नाही. दोन मिनिटं फिल्म उजेडात धरली. रिपोर्ट मी वाचला आहे, अकरा वेळा. 'मणक्यांमधील खालच्या दोन चकत्यांची झीज. चकत्यांतील पाण्याचे प्रमाण घटले आहे. उंची कमी झाली आहे. मागील बाजूस फुगवटा.' बाई, हा मजकूर मी दुसऱ्याच्या इमारतीबद्दल वाचला असता, तर संध्याकाळच्या आत लोक बाहेर काढले असते.

फिजिओ : इमारतीबद्दल ठीक आहे. पण हे माणसाचं वर्णन आहे. तुमच्या वयाची शंभर माणसं घ्या, ज्यांची पाठ आयुष्यात कधी दुखली नाही अशी. त्यांचे फोटो काढले, तर ऐंशीहून जास्त जणांच्या रिपोर्टमध्ये ह्यातलेच काही शब्द निघतील.

तपासनीस : आणि ते हिंडतायत?

फिजिओ : हिंडतायत, नाचतायत, नातवंडं खांद्यावर घेऊन फिरतायत.

तपासनीस : अरे देवा! त्यांना कोणी नोटीस दिली नाही?

बायको : सगळीकडे तुम्ही कुठे पुरणार?

फिजिओ : केस पांढरे झाले तेव्हा डोकं रिकामं करायची नोटीस काढली होतीत का? ही आतली पांढरी झालेली चकती समजा. कंबर धरली, ती खरी धरली. दुखतं तेही खरंच. पण दुखणं म्हणजे मोडणं नव्हे. आसपासचे स्नायू घाबरून आवळले जातात, आणि तुम्ही त्यांना एकोणीस दिवस आवळायलाच लावलंय.

तपासनीस : झीज भरून येईल?

फिजिओ : खोटं नाही सांगणार. नाही येणार. दुखणं मात्र कमी होईल, बहुतेकांचं होतं. अधूनमधून पुन्हा डोकं वर काढेल. तेव्हा दोन दिवस जरा सबुरीने घ्यायचं, खुर्ची नाही धरायची.

तपासनीस : म्हणजे दोष कायम. तर मग नोटीस कायम.

बायको : झालं! घोडं पुन्हा तिथेच पेंड खातंय. बाई, ह्यांनी एकदा स्वतःच्याच कार्यालयाची इमारत धोकादायक ठरवली होती. साहेबांच्या खोलीबाहेर फीत बांधली, साहेब आत असताना. बढती गेली ती गेलीच.

तपासनीस : तुळई वाकली होती.

बायको : ती अजून उभी आहे. साहेबसुद्धा अजून उभे आहेत. बाई, वाद घालायला माझ्याकडे वेळ असता तर घातला असता. पाच वाजता लेक येते आहे, बाळाला घेऊन. नात तीन महिन्यांची आहे. लेक सकाळी फोनवर म्हणाली, बाबांना सांग, ह्या वेळीही फितीच्या बाहेरच उभं करणार असतील, तर मी दारातूनच परत जाईन आणि बोलावल्याशिवाय यायची नाही. ती बोलते तसं करते. ह्यांचीच मुलगी.

फिजिओ : बाळालाही फितीच्या आत येऊ देत नाही?

तपासनीस : हेल्मेटशिवाय प्रवेश नाही. नियम सगळ्यांना एकच. तिच्या मापाचं मिळत नाही, त्याला मी काय करू?

बायको : मी छोटं पातेलं सुचवलं होतं.

तपासनीस : पातेल्याला हनुवटीखालचा पट्टा नसतो.

फिजिओ : काका, पाचाला वीस मिनिटं कमी आहेत. एकवीस दिवसांची मुदत म्हणालात, ती कशाची असते?

तपासनीस : हरकत नोंदवण्याची.

फिजिओ : मग माझी हरकत आहे.

तपासनीस : तोंडी चालत नाही.

फिजिओ : काकू, कागद द्या. 'सदर इसम धोकादायक नाही. सबब नोटीस मागे घ्यावी.' ही घ्या सही.

तपासनीस : तीन प्रतींत लागते.

बायको : मी आणखी दोन लिहिते. जन्म गेला ह्यांच्या प्रती काढण्यात.

तपासनीस : हं. हरकत आली म्हणजे सुनावणी घ्यावीच लागते. घ्या, सुनावणी सुरू. हरकतदाराचं काय म्हणणं आहे?

फिजिओ : ह्या चकत्यांना पाणी कमी पडलंय, बरोबर? आता ऐका. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्ताची नळी जात नाही. आपण हललो, चाललो की तिच्यावर दाब पडतो, सुटतो, पडतो, सुटतो. त्या दाबण्या-सुटण्यातून तिच्यात पाणी आणि अन्न झिरपतं.

तपासनीस : म्हणजे नळजोडणी नाही? पाणी रोज बाहेरून भरून आणायचं?

फिजिओ : अगदी. आणि भरून आणणारा गडी एकोणीस दिवस टेकू लावून बसलाय.

तपासनीस : नोंद घेतली. तरी पण... नाही. निर्णय बदलण्याइतकं हे पुरेसं नाही.

फिजिओ : का नाही?

तपासनीस : कारण तुम्हाला घटनास्थळ माहीत नाही.

बायको : कुठलं घटनास्थळ? त्या दिवशी कंबर धरली, एवढंच तर झालं.

तपासनीस : तू स्वयंपाकघरात होतीस.

बायको : लेक पाळण्यापाशी होती की.

तपासनीस : ती दुपटं आणायला वळली होती. मी पाळण्यात वाकलो, बाळाला उचललं. पहिल्यांदाच. इतके दिवस घाबरत होतो, म्हटलं आज घेऊ. अर्ध्यात आलो आणि कंबर गेली. वर येता येईना, खाली जाता येईना. आणि हातातून ती घसरली.

बायको : काय?

तपासनीस : चार बोटं. फार नाही, चारच बोटं. मानेखालचा हात सरकला. लेकीने वळून घेतलं तिला. तिला वाटलं, मी देतोय. मी देत नव्हतो ग. माझ्या हातून सुटत होती.

बायको : आणि हे तुम्ही आज सांगताय?

तपासनीस : बत्तीस वर्षांत मी एकही इमारत माणसांवर पडू दिलेली नाही. लोकांनी शिव्या दिल्या, बढती गेली, चालेल. पण कोणावर काही पडलं नाही. आणि माझ्याच घरात, माझीच नात... मला भीती वाटते. पाठीची नाही, पाठ दुखेल तेवढी दुखू दे. माझ्या हाताखाली ती नको.

फिजिओ : काका...

बायको : थांबा बाई. मला साक्ष द्यायची आहे. ह्या इमारतीत राहणारी म्हणून मला बोलायचा हक्क आहे की नाही?

तपासनीस : रहिवाशांचं ऐकावं लागतं.

बायको : छत्तीस वर्षं मी इथे राहते. ह्या इमारतीला भेगा पहिल्या दिवसापासून आहेत. ऐकायला कमी येतं, रागाने खिडक्या आपटतात, आणि दुरुस्ती सांगितली की चार वर्षं लागतात. तरी मी कधी जागा सोडली नाही. दुसरीकडे जागा नाही म्हणून नव्हे. मला हीच आवडते.

तपासनीस : ह्यातलं कागदावर काय घेऊ?

बायको : हे घ्या. तुम्ही घर तपासायला जायचात आणि लोक म्हणायचे, साहेब, घर जुनं झालंय, कुलूप लावून ठेवतो. तेव्हा तुम्ही काय सांगायचात?

तपासनीस : ते वेगळं.

बायको : काय सांगायचात? ह्या बाईंना ऐकू दे.

तपासनीस : की बंद घर लवकर पडतं. चुलीची ऊब, माणसाचा वावर, दारांची उघडझाप असली की जुनं घरही उभं राहतं. घर राबतं ठेवा.

बायको : झाली माझी साक्ष.

फिजिओ : काका, पंधरा मिनिटं राहिली.

तपासनीस : राबतं ठेवायचं झालं, तरी चाचणीशिवाय माणसं आत सोडत नाहीत. भाराची चाचणी घ्यावी लागते. वाळूची पोती थोडी थोडी वाढवत नेतात आणि दर वेळी मोजमाप घेतात.

फिजिओ : अहो, मला तेच तर करायचंय! आमच्यातही तेच. थोडा भार, मग जरा जास्त, मग अजून. बाळाचं वजन किती?

बायको : पाच किलो दोनशे.

फिजिओ : एक किलो पीठ एका पिशवीत भरा, भोवती दुपटं गुंडाळा. काका, ही फळी काढते. पाय जमिनीवर नीट टेकवा. खुर्चीच्या पुढच्या कडेला या. श्वास कोंडून धरू नका, सोडा. आता पाय रेटून उभे राहा.

तपासनीस : शिट्टी?

बायको : फुर्रर्र.

फिजिओ : उभे राहिलात! दुखतंय?

तपासनीस : चरचरतंय.

फिजिओ : चरचरू दे. एकोणीस दिवस बंद दार आहे, करकरणारच. कोपर अंगाला लावून पिशवी छातीशी घ्या. लांब हाताने नाही, लांब धरलं की कंबरेवर ओझं वाढतं. त्या दिवशी पाळण्यात हात लांब करून वाकला होतात, खरं ना?

तपासनीस : कठडा मध्ये होता.

फिजिओ : म्हणून आज बाळ पाळण्यातून नाही उचलायचं. काकू तुमच्या हातात देतील. तीन किलो करा काकू. आता चार पावलं चाला. खिडकीपर्यंत.

बायको : अहो, पिशवी थोपटताय.

तपासनीस : कंपनाची चाचणी घेतोय.

फिजिओ : आता साडेपाच. बाळापेक्षा तीनशे जास्त. गुडघे जरा सैल, आणि खुर्चीत बसून पुन्हा उठा, पिशवीसकट. सावकाश...

(कट् असा बारीक आवाज.)

तपासनीस : कसला आवाज झाला?

बायको : काच.

तपासनीस : तडकली?

बायको : मधोमध. दोन तुकडे झालेत, चिकटपट्टीने धरून ठेवलेत.

तपासनीस : सगळे बाहेर व्हा. तू पण. आधी तू.

फिजिओ : कोणी कुठे जायचं नाही. काका, पायाची बोटं हलवा. मुंग्या? बधिरपणा?

तपासनीस : नाही.

फिजिओ : कळ?

तपासनीस : होती तेवढीच आहे. किंबहुना... थोडी कमी.

फिजिओ : आणि पिशवी कुठे आहे?

तपासनीस : पिशवी?

फिजिओ : तुमची साक्षपट्टी तडकली, तुम्ही ओरडलात, आम्हाला बाहेर काढायला निघालात. पिशवी कुठे आहे?

तपासनीस : हातात आहे.

बायको : किती बोटं घसरली?

तपासनीस : ...एकही नाही.

फिजिओ : पाठ वाकली म्हणून काच तडकली. पाठ वाकायलाच असते. आता ती काढते मी, पिठासकट. हलू नका, एक-दोन केस निघतील.

तपासनीस : आई ग! हे मात्र जास्त दुखलं.

बायको : बेल वाजली. तीच. आलेच मी.

फिजिओ : काका, मी इथे बाजूलाच उभी आहे. आणि ऐका, कायम असं टांगून नाही ठेवायचं तुम्हाला. उद्यापासून सकाळी दहा मिनिटं चालणं, संध्याकाळी दहा. मी तीन व्यायाम लिहून देते. टेकू आजच परत पाठवायचे.

तपासनीस : एक ठेवू?

फिजिओ : एकही नाही.

बायको : लेक बाळ माझ्याकडे देऊन परत खाली गाडीत गेली. काय म्हणाली सांगू? म्हणाली, आई, फीत दिसतेय, मी गाडीतच थांबते. हं, धरा. कोपर अंगाला लावा.

तपासनीस : थांब. पिशवी निमूट होती, ही हलते आहे.

फिजिओ : माणूस आहे ते.

तपासनीस : पाय मारते आहे. भार एका जागी राहत नाहीये. बाजू बदलतोय सारखा. मानेखाली हात आहे ना माझा? बघ, नीट बघ.

बायको : आहे.

तपासनीस : हेल्मेट?

बायको : तिचं नाही. तुमचं तिला टोचतंय, ते काढते मी. हे बघा, निघालं. एकोणीस दिवसांनी केस दिसले तुमचे.

फिजिओ : चार पावलं काका. खिडकीपर्यंत. खाली गाडीतून लेकीला दिसू दे.

तपासनीस : दुखतंय ग.

बायको : खूप?

तपासनीस : दुखतंय. पण ही मावली आहे हातात. बघ ना, कशी मावली आहे.

बायको : बघतेय मी. अहो, ती वर बघतेय. गाडीतून उतरली. येतेय.

फिजिओ : मग काका, सुनावणी संपवून टाकू. तीन प्रती आहेत. 'हरकत मान्य, नोटीस रद्द.' खाली सही करा, म्हणजे मी निघायला मोकळी.

बायको : करा बरं पटकन. हे घ्या पेन.

तपासनीस : राहू दे तिथेच. हात मोकळा नाही.